वेलांटी कोणत्या बाजूची?

आमच्या घरमालकांनी, म्हणजे काकाजींनी, एकदा तेरवीच्या मांडवात शिरून श्रद्धांजली दुरुस्त केली होती. मी तेव्हा गोंदियाला त्यांच्या वरच्या खोलीत भाड्याने राहत होते आणि त्यांच्या बायकोबरोबर, म्हणजे काकीजींबरोबर, मीही त्या तेरवीला गेले होते, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलेलं सांगते.

मांडवात खुर्चीवर गेलेल्या माणसाचा हार घातलेला फोटो होता आणि फोटोखाली छापून आणलेला फलक: 'भावपुर्ण श्रध्दांजली'. लोक रांगेने येत, फूल वाहत, हात जोडून पुढे सरकत. काकाजींची पाळी आली आणि रांग थांबली. ते वाकले. आणखी वाकले. मग चक्क गुडघ्यांवर बसले. मागच्या बायांनी पदर डोळ्यांना लावले. काकाजी खिशातलं स्केचपेन काढून 'पु'चा उकार दीर्घ करत होते, हे फक्त काकीजींना आणि मला कळलं. ते काम मिनिटभरात झालं. पण आधी द आणि मागून ध हवा तिथे छापलेला 'ध्द' काही पेनाने सुधारण्यासारखा नव्हता. तिथे मात्र काकाजी खरोखर खचले. गेलेल्या माणसाच्या मुलाने त्यांना दंडाला धरून उठवलं.

"काकाजी, इतकं जिवाले नका लावून घेऊ."

"कसं नाई लावू गा?" काकाजी फलकावरची नजर न काढता म्हणाले. "सारं उलटं झालं. जो आधी जाचा तो मागं रायला, अन् मागचा समोर गेला."

तो मुलगा त्यांच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडला. काकाजी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले आणि त्याच्या खांद्यावरून त्या 'ध्द'कडे बघत राहिले. घरी येताना काकीजी एवढंच म्हणाल्या, "आता तेरवीची पत्रिका आली तर मी एकटी जाईन."

काकाजी माझे नात्याने कोणी नव्हते. आमच्याकडे वयाने मोठ्या माणसाला काकाजीच म्हणायचं, तसे ते काकाजी. सारी उमर त्यांनी एका छापखान्यात प्रुफं तपासण्यात घालवली होती. छापखाना कधीचाच बंद पडला, पण काकाजी बंद पडायला तयार नव्हते. कानावर लाल पेन्सिल, सदऱ्याच्या खिशात खडूचा तुकडा आणि हातात ओलं फडकं घेऊन ते सकाळी फिरायला निघत. स्टेशनपासून बाजारापर्यंतच्या दुकानांचे फळे आणि पाट्या हा त्यांचा इलाका. सायकलवाल्याच्या फळ्यावर 'पंचर दूरूस्त करून मीळेल' असं होतं. काकाजी रोज फडक्याने पुसून तिथे खडूने बरोबर लिहीत आणि सायकलवाला दुसऱ्या दिवशी पुन्हा आपलं लिही.

"काकाजी, पंचर तो बराबर बनता है ना? फिर?" तो विचारायचा.

"पंचर बनते बाबू, पन वाचून मानूस पंचर होते."

एका खानावळीवर 'भोजणालय' लिहिलेलं होतं. आमच्या भागात बोलताना 'ण'चा 'न' होतो, पाणी नाही म्हणत कोणी, पानीच म्हणतात. त्या खानावळवाल्याने बहुधा सगळ्या झाडीपट्टीच्या वतीने एकदाच भरपाई करून टाकली होती. तिथलं वरण गावात नावाजलेलं होतं. काकाजींनी ते जन्मात चाखलं नाही. स्वतः मात्र ते बोलताना खुशाल पानीच म्हणत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "बोलाले कसं बी बोल. बोललेलं हवेत उडून जाते. लिहिलेलं बसून रायते न् आपल्याकडे पाहाते."

प्रुफाच्या खुणा त्यांच्या हातात इतक्या मुरल्या होत्या की घरातही त्या चालत. काकीजी ताटात आणखी भात वाढायला लागल्या की ते हवेत बोटाने काढून टाकण्याची खूण करत, ती शेपूटवाली. काकीजींचं बोलणं लांबलं तरी तीच खूण. काकीजी त्यावर त्याच बोटाने त्यांना दार दाखवत.

आता माझं सांगते. अशा माणसाच्या घरात मी राहायला गेले आणि मला धड लिहिता-वाचता येत नव्हतं.

अगदीच येत नव्हतं असं नाही. लोक विचारतात, अक्षरं उड्या मारतात का? नाही बा. अक्षरं आपापल्या जागी गुमान बसलेली असतात. कानाने ऐकलेला शब्द मला लख्ख कळतो. तोच शब्द कागदावर भेटला की ओळखीच्या माणसाने तोंडाला दुपट्टा बांधून समोर यावं, तसं होतं. डोळे ओळखीचे वाटतात, पण नाव काही आठवत नाही. मग मी एकेक अक्षर सोडवत जाते आणि ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. भ आणि म, घ आणि ध, ब आणि व, ह्या जुळ्या बहिणी. त्यांच्या आयांना त्या ओळखू येत असतील.

आमचं गाव सालेकस्याकडचं. धानाची शेती, घरात पोवारी बोली, शाळेत मराठी, बाजारात हिंदी. बोलण्यात मी तिन्हीकडे पुढे. वाचायची पाळी आली की मला हमखास खोकला यायचा. बाकावरच्या मैत्रिणीने आधी धडा वाचला की मी तो ऐकून पाठ करायची आणि पुस्तक समोर धरून घडाघडा म्हणायची. एकदा पुस्तक उलटं धरलेलं गुरुजींनी पाहिलं आणि तो प्रकार तिथे संपला. दहावीला सगळ्या विषयांत पास, फक्त मराठीत नापास झाले. गुरुजींनी प्रगतिपुस्तकावर 'निष्काळजी' असा शेरा मारला होता. तो शब्द वाचायला मला दोन दिवस लागले. निष्काळजी माणसाने इतके कष्ट घेतले नसते.

दुसऱ्या खेपेला मी कशीबशी सुटले आणि अकरावीला गोंदियाला आले. खोली हवी होती. काकाजींची अट एकच, भाडेकरूने खोलीसाठी लेखी अर्ज द्यायचा. माझ्या वडिलांनी, म्हणजे बाबूजींनी, तो अर्ज तहसील कचेरीसमोरच्या अर्जनवीसाकडून टाइप करून आणला. काकाजींनी कानावरची पेन्सिल काढली, अर्ज वरून खाली वाचला, खालून वर वाचला आणि पेन्सिल न टेकवता परत कानावर ठेवली. पुढे आठ दिवस ते, अर्ज माझाच असं धरून, गल्लीत सांगत होते, "अशी पोट्टी पाहाले भेटत नाई. 'विनंती'ची पहिली वेलांटी ऱ्हस्व, दुसरी दीर्घ. जशीच्या तशी!"

मी दीड महिना धाकात काढला. काही लिहायची वेळ आली की माझं बोट कापलेलं असायचं. काकीजी म्हणायच्या, ह्या पोरीला सुरी देऊ नका.

मग एक दिवस काकीजींचा चष्मा हरवला आणि त्या मला म्हणाल्या, "बाई, मी सांगते, तू किराणा लिही." काकाजी घरात नव्हते. मी लिहिलं. कागद ओट्यावर राहिला. दुपारी काकाजी पाणी प्यायला आत गेले आणि आतून पेला पडल्याचा आवाज आला.

मी खाली आले तेव्हा ते पाटावर बसले होते आणि काकीजी त्यांना वारा घालत होत्या. काकाजींनी कागद माझ्यासमोर धरला.

"हे काय आहे?"

"मुरमुरे," मी म्हणाले.

"इथं 'मुमुरे' आहे. खाली 'मुरुमरे' आहे. मुरमुरे दोनदा कायले?"

"एक चिवड्याला, एक तुमच्या भेळीला."

"अन् ही वेलांटी? ही कोन्या बाजूची आहे?"

इथे मला माझी सगळ्यात जुनी चलाखी उघडी करावी लागली. वेलांटी डावीकडे की उजवीकडे, हे मला कधीच खात्रीने कळलं नाही. म्हणून मी ती काठीच्या बरोबर डोक्यावर, मधोमध काढायची. ज्याला जशी हवी तशी त्याने घ्यावी. उकाराचंही तसंच. खाली एक टिंब आणि बारीकसं शेपूट. शाळेतल्या अर्ध्या गुरुजींनी मला त्यावर अर्धे गुण दिले होते.

"मधली," मी म्हणाले.

काकाजी कितीतरी वेळ त्या वेलांटीकडे बघत होते. पन्नास वर्षांत त्यांनी लाखो वेलांट्या पाहिल्या असतील, पण मधली नाही. मला वाटलं, आता ट्रंक उचलायची आणि संध्याकाळची पॅसेंजर पकडायची. पण ते म्हणाले, "उद्या बी किराणा लिहिजो."

"पण किराणा तर आज आला," काकीजी म्हणाल्या.

"उद्या बी आन."

पुढचा महिनाभर त्या घरात रोज किराण्याची यादी झाली. काकीजी चष्मा सापडूनही सांगत राहिल्या आणि मी लिहीत राहिले. मुरमुरे, साबुदाणा, हळद, शेंगदाणे. काकाजी रात्रीच्या जेवणाआधी कागद गोळा करत आणि चपलांच्या रिकाम्या खोक्यात घालत. लाल पेन्सिल कुठेही लावलेली नसायची. त्याचंच मला जास्त भय वाटायचं. न लावलेली लाल पेन्सिल लावलेल्यापेक्षा वाईट.

त्यातच सहामाहीचा निकाल लागला आणि मी तीन विषयांत गेले. कॉलेजने बाबूजींना बोलावलं. बाबूजी आले, कॉलेजात खाली मान घालून ऐकून घेतलं आणि सरळ काकाजींच्या बैठकीत येऊन बसले.

"घेऊन जातो हिले," ते म्हणाले. "धानकापनीले मानसं भेटत नाई. हिच्या डोक्यात नाई तर नाई. कायले जबरदस्ती करा?"

मी दाराआड उभी होते. मला रडू येत नव्हतं, एवढंच आठवतं. सुटल्यासारखं वाटत होतं आणि त्याचीच लाज वाटत होती.

काकाजी उठले आणि चपलांचं खोकं घेऊन आले. चटईवर त्यांनी पत्त्यांचा डाव मांडावा तशा यादीच्या चिठ्ठ्या मांडल्या.

"बाबूजी, मी जनमभर चुकाच पाहिल्या. चुकीवरून मानूस ओरखतो. आळशी मानसाची चूक ठरलेली रायते. तो 'दूध' चुकला की रोज तसाच चुकते. त्याले बदलाचाही कंटाळा रायते. निष्काळजी मानूस सोपा शब्द चुकते न् कठीन शब्द बराबर लिहिते, कारन तिथं तो जागा होते. ही पोट्टी पाहा. हे एका महिन्याचे मुरमुरे. अकरा तऱ्हेचे आहेत! रोज नवा. रोज ही मुरमुऱ्याशी पहिल्यापासून झगडून रायली. इतकी मेहनत मी आमच्या कंपोझिटरले करताना नाई पाहिली. हा आळस नाई. हे काईतरी दुसरं आहे."

बाबूजी पुढे सरकले. त्यांनी एक चिठ्ठी उचलली, लांब धरली, जवळ धरली. दुसरी उचलली. मग म्हणाले, "यात चूक कोठी आहे?"

"कोठी म्हंजे?"

"मले तर सारे मुरमुरे सारखेच दिसून रायले."

 काकाजींनी बाबूजींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग उशाचं वर्तमानपत्र उचलून त्यांच्यासमोर ठेवलं. "जरा हे वाचा बरं."

"चष्मा नाई आनला," बाबूजी म्हणाले. आणि त्यांना खोकला आला.

तो खोकला मी ओळखला. तो माझाच खोकला होता. बाबूजींना चष्मा नव्हताच, कधीच नव्हता. शेतातल्या विहिरीवरून ते बांधावरचा बगळा सांगायचे. पण लग्नपत्रिका आली की म्हणायचे, वाच गं, चष्मा नाही. मी ती आईकडे द्यायची, मलाही वाचायची नसायची म्हणून. एका घरात दोन माणसं दहा वर्षं एकमेकांपासून तेच लपवत होती. चौथीत शाळा सुटल्याचं ते नेहमी सांगायचे, का सुटली ते मात्र कधी सांगितलं नव्हतं.

काकीजींनी आतून चहा आणला. बाबूजींनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली आणि बशीतच बघत म्हणाले, "याच्यावर काई दवाई रायते काय?"

दवाई नव्हती, पण दवाखाना होता. काकाजींनी ओळखीपाळखीत विचारून शोध घेतला आणि एका सोमवारी आम्ही तिघं रेल्वेने मोठ्या शहरात गेलो. काकीजींनी निघताना नवऱ्याचे खिसे तपासले आणि पेन्सिल, खडू, स्केचपेन, फडकं, सगळं काढून घेतलं. तरी व्हायचं ते झालंच. तपासणीच्या खोलीच्या दारावर पाटी होती, 'मानसोपचार तज्ञ'. काकाजी उंबऱ्यातच थबकले.

"एक ज कमी आहे. 'तज्ज्ञ' पाह्यजे."

"चला ना काकाजी, नंबर आला," मी म्हणाले.

"ज्याले आपलं तज्ज्ञ लिहिता येत नाई, तो आपल्या पोट्टीले काय तपासन?"

"काकाजी," बाबूजी म्हणाले, "मले बी लिहिता येत नाई. मी धान बराबर पिकवतो." आणि त्यांना हाताला धरून आत नेलं. बाबूजी कोणाला इतकं सडेतोड बोलताना मी पहिल्यांदाच पाहिले.

आतल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी दोन दिवस माझ्याकडून वाचून घेतलं, लिहून घेतलं, ठोकळे लावून घेतले, कोडी घातली. ठोकळ्यांत मी इतकी पुढे गेले की त्यांनी पुन्हा मोडून लावायला सांगितले. मग आम्हाला समोर बसवून म्हणाल्या, "हिची बुद्धी चांगली आहे. उलट जरा जास्तच आहे. आवाज आणि अक्षर यांची गाठ पडायला हिला वेळ लागतो, इतकंच. याला डिस्लेक्सिया म्हणतात. जन्मापासून असतं. घराण्यातही असतं."

"कसं लिहितात?" काकाजींनी विचारलं. बाईंनी लिहून दाखवलं. काकाजींनी ते पाहिलं आणि मान हलवली. "ज्याले लिहिता येत नाई, त्याच्या बिमारीचं नाव इतकं कठीन कायले ठेवलं?"

"बिमारी नाही ही," बाई हसून म्हणाल्या.

बाबूजी 'घराण्यात' या शब्दापासून खिडकीबाहेर बघत होते. निघताना ते दारातून परत फिरले. "बाई, मले बी असा कागद भेटन काय?"

"तुम्हाला कशाला हवा? परीक्षा द्यायची आहे का?"

"नाई. चौथीच्या मास्तरले दाखवाचा होता." मग जरा थांबून म्हणाले, "पन तो तर मरून गेला."

बाईंनी एका साध्या कागदावर चार ओळी लिहून त्यांना दिल्या. शिक्का नव्हता, काही नव्हतं. बाबूजींनी तो घडी करून टोपीत ठेवला. परतीच्या गाडीत दरेकस्याच्या एका अनोळखी माणसाला त्यांनी तो काढून दाखवला आणि सांगितलं, "मी ढ नव्हतो." त्या माणसाने बिचाऱ्याने मान हलवली.

खरी पंचाईत पुढे होती. माझ्या प्रमाणपत्रावर परीक्षेत सवलत मिळणार होती, त्यासाठी पालकांचा अर्ज लागत होता. अर्ज कोण लिहिणार? बाबूजींनी आणि मी एकमेकांकडे पाहिलं, मग दोघांनी काकाजींकडे. काकाजी खुशीत बसले. ताव पसरला, पेनात शाई भरली. कॉलेजातल्या बाबूने काय काय लिहायचं ते सांगितलं होतं, ते मी तोंडपाठ सांगत गेले. जादा वेळ मिळावा. काकाजींनी लिहिलं. प्रश्न वाचून दाखवावेत. लिहिलं.

"आणि 'शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष करावे.'"

पेन थांबलं.

"काय?"

"शुद्धलेखनाच्या चुकांकडे दुर्लक्ष करावे."

काकाजींनी टोपण लावलं. उठून पाणी प्यायले. अंगणात जाऊन आले. परत बसले, 'शुद्धलेखनाच्या' लिहिलं आणि पुन्हा उठले. काकीजी भाजी निवडत होत्या, त्या म्हणाल्या, "आता काय झालं?"

"माह्या हातानं? मी? दुर्लक्ष करा म्हनून लिहू?"

"मग नका लिहू. जाऊ द्या पोरीले धानकापनीले."

काकाजी पुन्हा बसले. 'चुकांकडे' लिहायला त्यांना चहाचा एक कप लागला. 'दुर्लक्ष' त्यांनी तोंड फिरवून लिहिलं, तरी रफार बरोबर जागी पडला. 'करावे' लिहून त्यांनी पूर्णविराम दिला आणि पेन असं खाली ठेवलं, जसं काही ते पुन्हा कधी उचलणारच नाहीत. मग बाबूजींना म्हणाले, "सही तुमची करा. माह्यी नाई." बाबूजींनी सही केली. ती अकरा तऱ्हेची होत नाही, कारण एकच अक्षर आणि पुढे लांब रेघ आहे.

तो अर्ज कॉलेजच्या बाबूने वाचला आणि विचारलं, "इतका शुद्ध अर्ज कोणी लिहिला? सवलत कोणाला पाहिजे?" आणि प्रमाणपत्र तीनदा उलटून पाहिलं. शुद्धपणामुळे अर्ज अडतो की काय, अशी वेळ आली. शेवटी मी त्याच्यासमोर 'मुरमुरे' लिहून दाखवलं, तेव्हा त्याची खात्री पटली.

बारावीला मला मराठीत एकसष्ट मिळाले. पुढे मी आयटीआयला गेले. तिथे तारा होत्या, वेढे होते, आकृत्या होत्या. आकृती मी एका नजरेत वाचते. आज आमगावला माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. फलकावर फक्त मोटरचं चित्र आहे. पंप जळला की आजूबाजूच्या गावांतले शेतकरी माझ्याकडे येतात आणि मी कोणता शब्द कसा लिहिते हे अजून एकानेही विचारलेलं नाही. हेसुद्धा मी फोनात बोलून उतरवलं आहे, भाचीने वाचून नीट केलं.

आयटीआयच्या दुसऱ्या वर्षी मी त्याच वरच्या खोलीत होते, तेव्हाची एक गोष्ट सांगायची राहिली. काकाजींच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि आठ दिवस वाचायचं नाही असं बजावलं. दुसऱ्या दिवशीच काकाजी घरभर येरझाऱ्या घालायला लागले. काकीजी मला म्हणाल्या, "बाई, यायले काईतरी वाचून दाखव, नाई तर यायचा डोरा बरा होईपर्यंत मी डोकं फोडून घेईन."

मी वाचून दाखवायचं! पण काकीजींचा चेहरा बघून बसले. छापखाना बंद झाला तेव्हा मालकाने उरलेली पुस्तकं वाटून टाकली होती, त्यातली एक कादंबरी कपाटात होती. रेल्वेतल्या कोणा निवृत्त माणसाने लिहिलेली. तिची प्रुफं काकाजींनीच तपासली होती. त्यांना ती पाठ असणार असं मला वाटलं. रोज चार वाजता मी वाचायला लागले. एका पानाला वीस मिनिटं. मध्ये अडखळणं, मागे जाणं, घाम पुसणं.

गोष्ट अशी की जंगलातल्या एका स्टेशनमास्तरच्या मुलीची पेटी गाडीत बँडवाल्याच्या पेटीशी बदलते. तिला लुगड्यांच्या जागी क्लॅरोनेट सापडतं.

"हो काय?" काकाजी उठून बसले. "मग लुगडी कोनाकडे गेली?"

"काकाजी, हे पुस्तक तुम्हीच तपासलं ना?"

"तपासलं की. आता समोरच्या पानावर 'आशीर्वाद' येईन पाह्य. त्याचा रफार 'आ'च्या डोक्यावर पडला होता."

पान उलटलं, 'आशीर्वाद' होता. चाळीस वर्षांपूर्वीची प्रत्येक चूक त्यांना ठिकाणासकट आठवत होती. पण मुलगी कोण, बँडवाला कोण, त्यांचं काय झालं, यातलं काही म्हणता काही माहीत नव्हतं. अक्षर अन् अक्षर पाहायचं तर शब्दाच्या आत बघायला सवड कुठून मिळणार? शेकडो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि त्यांनी एकही वाचलेलं नव्हतं. मी सांगितलं की ते ऐकून घेत, मान डोलवत आणि म्हणत, "मग? मग तो काय करते?" बँडवाला लुगड्यांची पेटी घेऊन एकेका स्टेशनवर उतरून मुलीला शोधायला लागला तेव्हा काकीजीही भाजीची परात घेऊन येऊन बसल्या. मी 'प्रवास'चा 'प्रवस' केला, 'घरी'चं 'धरी' केलं, एकदा तर आख्खी ओळ गाळली. काकाजींनी एकदाही अडवलं नाही. त्यांना घाई होती.

आठ दिवस झाले. डॉक्टरांनी डोळा पाहिला आणि म्हणाले, आता वाचा खुशाल. ते मला काकीजींकडून कळलं. पुस्तकाची चाळीसेक पानं उरली होती. काकाजींनी ती अर्ध्या तासात संपवली असती. चार वाजता मी जरा घुटमळतच खाली आले. काकाजी काळा चष्मा लावून खुर्चीवर बसले होते.

"डॉक्टर काय म्हणाले?" मी विचारलं.

"आनखी आठ दिवस वाचाचं नाई म्हने. बस. कुठं होतो आपन? नवेगावच्या बसमध्ये पेटी चढवली होती त्यानं."

मी काकीजींकडे पाहिलं. त्या परातीत बघत होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मी बसले आणि वाचायला लागले.

शेवटचं पान आलं त्या दिवशी मी सकाळपासून घोकून ठेवलं नव्हतं, तरी बरं वाचलं. शेवटी ती मुलगी आणि तो बँडवाला फलाटावर समोरासमोर येतात, दोघांच्या हातात दोघांच्या पेट्या. दोघं पेट्या खाली ठेवतात आणि काय बोलावं ते न सुचून नुसते उभे राहतात. इतक्यात हमाल दोन्ही पेट्या उचलून गाडीत टाकतो आणि गाडी सुटते. दोघंही हलत नाहीत. संपलं.

मी पुस्तक मिटलं.  काकाजींनी काळा चष्मा काढला आणि सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसले.

"पानी येऊन रायलं," ते म्हणाले. "ऑपरेशनचं आहे."

काकीजींनी परात बाजूला ठेवली आणि वाकून त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"ऑपरेशन उजव्या डोऱ्याचं झालं," त्या म्हणाल्या. "पानी दोन्हीतून येऊन रायलं."